पुढच्या चौकात उजवीकडे: परक्या भाषेतली ड्रायव्हिंग टेस्ट

पुण्यात किंवा नाशिकला वर्षानुवर्षं गाडी चालवलेला माणूस नोकरीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला जातो, तेव्हा त्याचं भारतीय लायसन्स तिथे सहा महिने चालतं. सोबत जर्मन भाषांतर किंवा इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट ठेवावं लागतं, एवढंच. राहायला आल्यापासून सहा महिने उलटले की मात्र ते लायसन्स तिथे निरुपयोगी होतं आणि त्याच्या भरवशावर गाडी चालवणं हा गुन्हा ठरतो.

जर्मनीने काही देशांची एक यादी केली आहे. जपान, दक्षिण कोरिया, इस्रायल, स्वित्झर्लंड, दक्षिण आफ्रिका हे देश तीत आहेत आणि त्यांची लायसन्सं बरीचशी सहज बदलून मिळतात. भारताचं नाव त्या यादीत नाही. त्यामुळे खंडाळ्याचा घाट शेकडो वेळा चढून-उतरून आलेल्या माणसालाही तिथे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. शिकाऊ माणसाला ड्रायव्हिंग स्कूलचे जे सक्तीचे तास भरावे लागतात, ते याला माफ असतात. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग मात्र चुकत नाही.

हा माणूस गाडी चालवायला शिकलेला आहे. क्लच कधी सोडायचा, उतारावर कोणता गिअर ठेवायचा हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. त्याला नवे नियम शिकायचे असतात, रस्त्याची नवी बाजू अंगवळणी पाडायची असते, आणि हे सगळं त्याला नीट न येणाऱ्या भाषेत सिद्ध करून दाखवायचं असतं. यातला गाडीचा भाग किती आणि भाषेचा किती, हा या प्रकरणाचा विषय आहे. दोन्ही एकत्र मोजले गेले, तर चांगला चालक नापास होऊ शकतो आणि पाठांतरावर कच्चा चालक पास होऊ शकतो. म्हणून हा प्रश्न परदेशी गेलेल्या चार लोकांच्या गैरसोयीपुरता नाही, तो रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या सुरक्षिततेचा आहे.

भाषांची यादी कशी वाढली

जर्मनीतली लेखी परीक्षा संगणकावर होते. मोटारीच्या लायसन्ससाठी 30 प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या महत्त्वाप्रमाणे 2 ते 5 दंडगुण पडतात आणि एकूण 10 दंडगुणांपर्यंत उमेदवार पास होतो. यात एक मेख आहे. पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले, तर बेरीज 10 च भरली तरी उमेदवार नापास होतो. एका प्रश्नाची एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतात, आणि त्यातलं एक राहून गेलं तरी पूर्ण प्रश्न चुकीचा धरला जातो. काही प्रश्नांना व्हिडिओ जोडलेला असतो. तो जास्तीत जास्त पाच वेळा पाहता येतो, पण एकदा प्रश्न उघडला की मागे जाता येत नाही.

ही परीक्षा जर्मनखेरीज बारा भाषांत देता येते: इंग्रजी, फ्रेंच, ग्रीक, इटालियन, क्रोएशियन, पोलिश, पोर्तुगीज, रोमानियन, रशियन, स्पॅनिश, तुर्की आणि अरबी. यादी नीट वाचली तर तीत जर्मनीच्या स्थलांतराचा इतिहास दिसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना माणसं कमी पडू लागली, तेव्हा पश्चिम जर्मनीने कामगार आणण्यासाठी 1955 मध्ये इटलीशी, 1960 मध्ये स्पेन आणि ग्रीसशी, 1961 मध्ये तुर्कस्तानशी, 1964 मध्ये पोर्तुगालशी आणि 1968 मध्ये युगोस्लाव्हियाशी करार केले. ही माणसं तात्पुरती येतील आणि परत जातील असं गृहीत धरलं होतं. पुष्कळ जण राहिले, त्यांनी गाड्या घेतल्या, आणि त्यांच्या भाषा आज या यादीत आहेत. अरबी आली ती ऑक्टोबर 2016 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी सीरियातून लाखो निर्वासित जर्मनीत पोहोचले होते.

हिंदी या यादीत नाही, मराठीही नाही. मराठी माणूस सहसा इंग्रजीतून परीक्षा देतो. इंजिनिअरला ते जमून जातं. पण त्याच्यासोबत गेलेली, मराठी माध्यमात शिकलेली पत्नी, कारखान्यात कामाला गेलेला आयटीआयचा फिटर किंवा रुग्णालयात रुजू झालेली नर्स यांच्यासाठी ही परीक्षा दुसऱ्याच एका परक्या भाषेत असते. आजवर असे लोक थोडे होते, आता ते वाढण्याची चिन्हं आहेत. मुंबई आणि श्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. चाकणची मर्सिडीज आणि नाशिकची बॉश या दोन्ही कंपन्यांचं मूळ श्टुटगार्टचं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. अशा करारातून जाणारी माणसं मोठ्या पदव्या घेऊन जाणारी नसतात, हातात कसब घेऊन जाणारी असतात.

भाषांतरित प्रश्नपत्रिकेत अडखळायला होतं ते बहुतेकदा लहान शब्दांवर. 'समोरून येणारं वाहन', 'पादचारी', 'ओव्हरटेक' असे मोठे शब्द दोन दिवसांत ओळखीचे होतात. 'फक्त', 'वगळता', 'नेहमी', 'शक्यतो', 'करता येतं' आणि 'केलंच पाहिजे' यांतले फरक मात्र घाईत निसटतात, आणि नियमाचा सगळा भार त्यांच्यावरच असतो. त्यातून बरेच प्रश्न शक्यतांबद्दल असतात: रस्त्याकडेला चेंडू घरंगळत आला तर पुढे काय घडू शकतं, उभ्या बसच्या पुढून कोण येऊ शकतं. अनुभवी चालकाला याचं उत्तर पाठ करावं लागत नाही, त्याचा पाय आपोआप ब्रेककडे जातो. पण पडद्यावर पायाला गुण नसतात, वाक्याला असतात.

मागच्या सीटवरचा आवाज

प्रत्यक्ष परीक्षा फक्त जर्मनमध्ये होते. तिथे बारा भाषांची सोय नाही आणि दुभाषाही नसतो. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची असते. शेजारच्या सीटवर शिक्षक बसतो आणि त्याच्या पायाशी ब्रेकचा दुसरा संच असतो. मागच्या सीटवर ट्युव्ह किंवा डेक्रा यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचा परीक्षक टॅब्लेट घेऊन बसतो. शिक्षकाला सूचनांचं भाषांतर करून देता येत नाही. 2021 पासून मोटारीची ही परीक्षा 55 मिनिटांची झाली आहे आणि त्यात किमान 30 मिनिटं निव्वळ गाडी चालवण्याची असतात.

आपल्याकडे आरटीओत टेस्ट म्हणजे बंदिस्त ट्रॅकवर आठ काढणं, एच काढणं, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं. जर्मनीत परीक्षक गावातून, तीसच्या वेगमर्यादेच्या वस्तीतून, शहराबाहेरच्या रस्त्यावरून आणि जमल्यास ऑटोबानवरून, म्हणजे द्रुतगती महामार्गावरून, नेतो. वाट आधी माहीत नसते, ती त्याच्या तोंडून एकेका वाक्याने कळत जाते. पुढच्या 'क्रॉयत्सुंग'ला, म्हणजे चौकात, उजवीकडे वळा. 'क्राइसफरकेअर'मध्ये, म्हणजे गोल चक्करमध्ये, तिसऱ्या रस्त्याने बाहेर पडा. शहराच्या मध्यभागाकडे जाणाऱ्या पाट्या पाहत चला. जागा मिळेल तिथे गाडी फिरवून घ्या. दोन गाड्यांच्या मध्ये रिव्हर्स घेऊन पार्क करा. कधी 'गेफारब्रेमझुंग', म्हणजे समोर अचानक संकट आल्यासारखा करकचून ब्रेक मारायला लावतात. सुरुवातीला गाडीच्या तपासणीचे प्रश्न असतात: मागचा धुक्याचा दिवा कुठून लागतो, टायरची नक्षी किती शिल्लक हवी (कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर), ऑइल कसं बघायचं.

अशा सूचना मोजून पाहिल्या तर त्यांत वापरले जाणारे शब्द पन्नास-साठच्या पुढे फारसे जात नाहीत. म्हणजे भाषेची गरज खरी आहे, पण ती लहान आहे. भाषेच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवलं जाणारं स्वतःची ओळख, हॉटेलातली ऑर्डर, हवापाण्याच्या गप्पा यांतलं जवळजवळ काहीही इथे लागत नाही. आणि इथे लागणारे शब्द त्या वर्गात फारसे भेटत नाहीत.

परीक्षा तिथल्या तिथे थांबवून नापास करण्यासारख्या चुका कोणत्या? लाल दिवा ओलांडणं, 'स्टॉप'ला न थांबणं, आजूबाजूला न बघता लेन बदलणं, कुणाला धोक्यात घालणं. यांत भाषेची एकही चूक नाही. 'उजवीकडे' ऐकून डावीकडे वळला म्हणून कोणी धोकादायक चालक ठरत नाही. ब्रिटनमध्ये तर परीक्षार्थींना स्पष्ट सांगितलेलं असतं की वळण चुकलं तरी निकालावर परिणाम होत नाही, वळताना चूक झाली तर होतो. तरीही भाषा न येणारे लोक नेमक्या याच मोठ्या चुकांवर नापास होतात. सूचना उशिरा कळते, चौक जवळ आलेला असतो, आपल्याला उजवीकडे जायचंय हे अचानक लक्षात येतं, आणि मान न वळवता स्टिअरिंग वळवलं जातं. टॅब्लेटवर नोंद होते ती लेन बदलताना न पाहिल्याची. तिच्यामागचं भाषेचं कारण कुठेच नोंदलं जात नाही.

लक्ष कुठे खर्च होतं

मुरलेला चालक गिअर बदलताना गिअरचा विचार करत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने ती क्रिया हातापायांत उतरलेली असते आणि लक्ष रस्त्यासाठी मोकळं राहतं. मातृभाषा ऐकणंही असंच विनासायास असतं. नव्याने शिकलेली भाषा तशी नसते. तिथे शब्द पकडायचा, अर्थ आठवायचा, वाक्य संपेपर्यंत तो धरून ठेवायचा, मग कृती ठरवायची. जर्मनमध्ये क्रियापदाचा एक तुकडा वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो, तेव्हा वाट जास्तच पाहावी लागते.

डोक्यावर भरलेला हंडा घेतलेली बाई रोजच्या पायवाटेवर गप्पा मारत चालते, आणि तीच अनोळखी, निसरड्या उतारावर आली की बोलणं थांबवते. माणसाच्या लक्षाची ही मर्यादा आहे: एक काम सवयीचं असेल तरच दुसऱ्याला जागा होते. जर्मनीत परीक्षा देणाऱ्या मराठी माणसाची दोन्ही कामं एकाच वेळी नवी झालेली असतात. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते, ड्रायव्हरची सीट डावीकडे असते, गिअर उजव्या हाताला येतो, इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्यांची जागा उलट असते. वस्तीतल्या चौकात पाटी नसेल तर 'रेष्ट्स फोअर लिंक्स' हा नियम लागतो. उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, मग त्याचा रस्ता कितीही अरुंद असो. मोठ्या रस्त्यावरची गाडी आधी जाते असं गृहीत धरण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी वेग कमी करून उजवीकडे बघायची सवय नव्याने लावावी लागते. शिवाय 'शुल्टरब्लिक', म्हणजे आरशात पाहून झाल्यावरही खांद्यावरून मान वळवून पाहणं. ते केल्याचं परीक्षकाला दिसावं लागतं.

म्हणून घरी बसून शब्दांची यादी पाठ केलेला माणूस गाडीत गोंधळतो. शब्द त्याला येत असतो, पण तो आठवण्यासाठी लागणारं लक्ष त्या क्षणी दुसरीकडे गुंतलेलं असतं. याला उपाय एकच. शब्द गाडीतच, चालत्या रस्त्यावरच शिकायचे, म्हणजे 'लिंक्स' ऐकलं की अर्थ मनात येण्याआधी डावा इंडिकेटर लागतो.

चित्रांची भाषा आणि खालची पाटी

भाषा न येणाऱ्या चालकाचा विचार जगाने मोटारीच्या बालपणीच केला होता. 1909 मध्ये पॅरिसला युरोपातले देश जमले आणि मोटार-वाहतुकीबद्दल करार झाला. त्यात धोक्याची चार चित्रं ठरली: खडबडीत रस्ता, वळण, चौक आणि रेल्वे क्रॉसिंग. गाड्या सरहद्दी ओलांडू लागल्या होत्या आणि प्रत्येक देशाची पाटी वाचणं चालकाला शक्य नव्हतं. पुढे 1968 मध्ये व्हिएन्नात रस्त्यांवरील चिन्हांचा मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 1980 मध्ये भारतही त्यात सामील झाला. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावध राहा, लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई, निळं वर्तुळ म्हणजे हे करायलाच हवं, हे व्याकरण सातारा रस्त्यावर आणि श्टुटगार्टमध्ये सारखंच आहे. 'स्टॉप'ची पाटी अष्टकोनी असते आणि 'रस्ता द्या'चा त्रिकोण उलटा असतो. त्यामुळे बर्फाने अक्षरं झाकली गेली तरी किंवा पाटी मागच्या बाजूने दिसली तरी ती ओळखता येते. तुर्कस्तानात अष्टकोनात 'दुर' लिहिलेलं असतं, फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकमध्ये 'आरे'. आकार तोच, म्हणून पाय थांबतो.

पण चित्रांची हद्द लवकर संपते. नियमाला अपवाद आला, वेळ आली, अट आली की चित्राखाली छोटी पांढरी पाटी येते आणि तिच्यावर शब्द असतात. जर्मन ऑटोबानवर 80 च्या वर्तुळाखाली 'बाय नेसे' लिहिलेलं असेल, तर ती मर्यादा रस्ता ओला असतानाच लागू. प्रवेशबंदीखाली 'आनलीगर फ्राय' असेल, तर तिथे राहणाऱ्यांना आणि त्यांच्याकडे काम असणाऱ्यांना जाता येतं. पार्किंगच्या पाटीवर 'वेर्कटाग्स' असेल, तर त्या कामाच्या दिवसांत शनिवारही येतो, आणि ते न कळलेल्याला शनिवारी दंड भरावा लागतो. 'उमलायटुंग' म्हणजे रस्ता वळवला आहे. ऑटोबानवर वाहतूक तुंबली की सगळ्यात डाव्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेसाठी मध्ये वाट मोकळी ठेवायची असते. तिला 'रेटुंग्सगासे' म्हणतात, आणि हा शब्द न कळण्याची किंमत कोणाचा तरी जीव असू शकते.

आता परीक्षेत भाषेची तीन वेगवेगळी कामं दिसतात. पहिली पाट्यांवरची भाषा: ती चालकाला आयुष्यभर लागणार आहे, म्हणून ती ड्रायव्हिंगचाच भाग आहे. दुसरी परीक्षकाच्या सूचनांची भाषा: ती त्या 55 मिनिटांपुरती आहे. परीक्षेनंतर मागच्या सीटवरून कोणी सांगणार नाही, आणि फोनवरचा नकाशा तर हव्या त्या भाषेत बोलेल. तिसरी प्रश्नपत्रिकेची भाषा: ती नियम कळले आहेत की नाही हे तपासण्याचं निव्वळ साधन आहे. पहिल्या भाषेची सक्ती पूर्णपणे रास्त आहे. दुसरीची आणि तिसरीची सक्ती सोयीसाठी आहे, आणि सोय बदलता येते.

तीन देश, तीन उत्तरं

ब्रिटनमध्ये एप्रिल 2014 पूर्वी लेखी परीक्षेचे प्रश्न 19 परकीय भाषांमधून हेडफोनवर ऐकता येत. त्यांत हिंदी, गुजराती, पंजाबी, तमिळ, बंगाली, उर्दू होत्या. दुभाषा घेऊन परीक्षा देण्याचीही सोय होती. 7 एप्रिल 2014 पासून हे सगळं बंद झालं आणि इंग्रजी, वेल्श आणि ब्रिटिश खुणांची भाषा एवढंच उरलं. सरकारने कारणं दिली ती अशी: काही दुभाषे उत्तरं सुचवत होते, रस्त्यावरच्या इंग्रजी सूचना चालकाला कळायला हव्यात, आणि देशात राहणाऱ्याने देशाची भाषा शिकावी. पहिलं कारण खरं आहे, पण ते दुभाषाच्या विरोधात जातं, आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या प्रश्नांच्या विरोधात नाही. दुसरं कारण रास्त आहे, आणि त्यासाठी पाट्यांची वेगळी चाचणी घेता येते. तिसऱ्याचा गाडीशी संबंध नाही.

आणि शब्दांवाचून कौशल्य कसं मोजावं, हे ब्रिटननेच जगाला दाखवलं आहे. 2002 पासून तिथल्या लेखी परीक्षेत धोका ओळखण्याची चाचणी आहे. उमेदवाराला रस्त्याच्या 14 चित्रफिती दाखवतात. धोका आकार घेऊ लागला की त्याने बटण दाबायचं, आणि जितक्या लवकर दाबलं तितके जास्त गुण. सूचना एकदा कळली की पुढे भाषा लागत नाही. चालकाची नजर थेट मोजली जाते. तसंच डिसेंबर 2017 पासून तिथे प्रत्यक्ष परीक्षेत बराच वेळ उमेदवार सॅटनॅवच्या, म्हणजे वाट सांगणाऱ्या यंत्राच्या, किंवा पाट्यांच्या आधारे स्वतःच वाट काढतो. हाच सॅटनॅव उद्या कोणत्याही भाषेत बोलू शकेल.

अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अलाबामा राज्य एके काळी लेखी परीक्षा चौदा भाषांत घेत असे. 1990 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून इंग्रजी अधिकृत भाषा झाली आणि परीक्षाही फक्त इंग्रजीत घेण्याचं धोरण आलं. मार्था सँडोव्हाल या स्पॅनिश बोलणाऱ्या स्त्रीने याविरुद्ध दावा लावला. खालच्या न्यायालयात ती जिंकली. राज्याचं म्हणणं सुरक्षिततेचं होतं, पण इंग्रजी न येणारे परदेशी चालक आपापल्या देशांच्या लायसन्सवर त्याच राज्यात गाड्या चालवत होतेच. एप्रिल 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल फिरवला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी लिहिला. इंग्रजीची सक्ती योग्य की अयोग्य हे त्यांनी ठरवलंच नाही. भेदभाव हेतुपुरस्सर नसून धोरणाच्या परिणामातून होत असेल, तर सामान्य नागरिकाला भेदभावाला मनाई करणाऱ्या केंद्रीय नियमाखाली दावा लावता येत नाही, एवढंच ठरलं. ड्रायव्हिंग टेस्टपासून सुरू झालेला हा खटला आज अमेरिकेच्या नागरी हक्कांच्या कायद्यात मैलाचा दगड मानला जातो, कारण त्याने असंख्य इतर तक्रारींचंही दार बंद केलं.

जपानने तिसरी वाट धरली. परदेशी लायसन्स जपानी लायसन्समध्ये बदलून घेताना भारतीय चालकाला तिथेही लेखी आणि प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते. पण प्रत्यक्ष चाचणी लायसन्स केंद्राच्या बंदिस्त आवारात होते आणि तिथला मार्ग आधी पाहून पाठ करता येतो. त्यामुळे चालत्या गाडीत परक्या भाषेचा भार फार हलका होतो. उमेदवार अडतो तो बारीकसारीक शिस्तीवर. लेखी चाचणीत 30 सप्टेंबर 2025 पर्यंत फक्त दहा प्रश्न होते आणि सात बरोबर आले की पुरे. परदेशी चालकांच्या अपघातांनंतर ती फार सोपी असल्याची टीका झाली आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून पन्नास प्रश्न आणि पंचेचाळीस बरोबर अशी अट आली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की जपानने लेखी चाचणी अनेक भाषांत देण्याची सोय ठेवून नियमांची परीक्षा कडक केली. चालकाला काय कळायला हवं याचा आग्रह वाढवायचा आणि ते कोणत्या भाषेत कळावं याचा आग्रह धरायचा नाही, हे दोन्ही एकत्र करता येतं.

आपल्या रस्त्यांवर

महाराष्ट्रात लर्निंग लायसन्सची संगणकावरची चाचणी मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत देता येते. उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून मुंबईत आलेल्या टॅक्सीचालकाला, आणि ओडिशातून येऊन चाकणला ट्रक चालवणाऱ्याला ती सोय आहे, ही चांगली गोष्ट आहे. प्रवासी वाहनांचा प्रश्न थोडा वेगळा. रिक्षावाल्याला प्रवाशाशी बोलावं लागतं, पत्ता समजून घ्यावा लागतो, आजारी माणसाला कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे ऐकावं लागतं. त्यामुळे स्थानिक भाषेची अपेक्षा तिथे कामातूनच येते. 2016 मध्ये राज्याने रिक्षाच्या परवान्यासाठी मराठीची अट घालणारं परिपत्रक काढलं. मार्च 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्या वादात दोन गोष्टींची सरमिसळ झाली होती: माणूस रिक्षा सुरक्षित चालवतो का, आणि तो प्रवाशांशी नीट बोलू शकतो का. दोन्ही प्रश्न विचारण्याजोगे आहेत, पण ते वेगवेगळे विचारावे लागतात.

असाच फरक आपल्याकडे एकदा शहाणपणाने केला गेला. मालवाहू आणि प्रवासी वाहनं चालवण्यासाठी आठवी पास असण्याची अट होती, ती केंद्र सरकारने 2019 मध्ये काढली. शाळा अर्धवट सुटलेले हजारो कसबी चालक त्या अटीमुळे बाहेर राहत होते. त्याच वेळी चालकाला पाट्या आणि नियम कळलेच पाहिजेत, त्यासाठी प्रशिक्षण आणि कडक चाचणी हवी, असंही सरकारने म्हटलं. शिक्षणाचा दाखला आणि गाडीचं कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा आपण मान्य केलं. भाषेच्या बाबतीतही तेच मान्य करावं लागेल.

जाणाऱ्याने काय करावं

जर्मनीला जाणाऱ्याने पहिली गोष्ट करावी ती म्हणजे सहा महिन्यांच्या मुदतीच्या सुरुवातीलाच अर्ज. कागदपत्रं, डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग आणि कार्यालयाची मंजुरी यांतच बरेच आठवडे जातात. लेखी परीक्षा ज्या भाषेत नियम सर्वात नीट कळतात तीत द्यावी, पण पाट्यांवरचे शब्द मात्र जर्मनमध्येच पाठ करावेत, कारण ते रस्त्यावर जर्मनमध्येच दिसणार आहेत. लेखी पास झाल्यावर वर्षाच्या आत प्रत्यक्ष परीक्षा पास व्हावी लागते, हेही ध्यानात ठेवावं.

सक्तीचे तास माफ असले तरी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काही तास घ्यावेतच, आणि शेवटचे तास शिक्षकाला विनंती करून पूर्ण जर्मनमध्ये घ्यावेत, इंग्रजीचा एकही शब्द न वापरता. शिक्षक आपल्याला समजून घ्यायला शिकलेला असतो, परीक्षक तसा नसतो. म्हणून जमल्यास एखादा तास दुसऱ्या शिक्षकासोबत घ्यावा. आवाज बदलला, बोलीचा हेल बदलला की आपल्याला खरंच किती कळतं ते समजतं. सूचना कळली नाही तर विचारायला लाजू नये. 'क्योनेन झी दास बिट्टे वीडरहोलन?' म्हणजे 'पुन्हा सांगाल का?' एवढं वाक्य तोंडात बसवून घ्यावं. सूचना ऐकली की दिशा मोठ्याने उच्चारून खात्री करून घ्यावी. परीक्षक काहीच बोलला नाही तर रस्ता जसा जातो तसं सरळ जायचं असतं. आणि वळण चुकल्याचं उशिरा लक्षात आलं तर ते जाऊ द्यावं, पुढे नीट बघून गाडी चालवत राहावी. चुकलेली वाट परीक्षेत माफ होते, न बघता मारलेलं वळण माफ होत नाही.

हे सगळं प्रत्येकाने एकट्याने शोधून काढायची गरज नाही. माणसं पाठवण्याचे करार सरकारं करतात, तर रस्त्याच्या भाषेची तयारीही त्या करारांचा भाग असायला हवी. जायच्या आधी इथल्या आयटीआयमध्ये आणि भाषेच्या वर्गांमध्ये ओळख करून देण्याच्या वाक्यांसोबत चौकातल्या सूचना, खालच्या पाट्यांवरचे शब्द आणि उजव्या बाजूच्या वाहतुकीचे नियम शिकवता येतील. नियमांचं पुस्तक मराठीत करता येईल. त्याला खर्च थोडा आहे. यजमान देशांकडेही एक मागणी रास्तपणे करता येते: पाट्या वाचता येतात का ते कडकपणे तपासा, नियम कळले आहेत का ते माणसाला समजणाऱ्या भाषेत विचारा, आणि गाडीतल्या सूचना चित्राने, नकाशाने किंवा यंत्राच्या आवाजाने देण्याची सोय करा. लायसन्स देणाऱ्याला शेवटी एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं, की हा माणूस रस्त्यावरच्या इतरांना सुखरूप ठेवील का. परीक्षेतल्या प्रत्येक अटीने त्याच प्रश्नाला उत्तर द्यायला हवं. जी अट ते देत नाही, ती काढून टाकली तर रस्ता कमी सुरक्षित होणार नाही, आणि कितीतरी चांगले चालक कायद्याच्या आत येतील.